महामार्गावरचा चालक आणि झाकलेला रक्तदाब

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातले नेरडीगोंडा बाहेरच्यांना ठाऊक असते ते जवळच्या कुंतला धबधब्यामुळे. तेथून जाणारा श्रीनगर-कन्याकुमारी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ मात्र पर्यटकांपेक्षा ट्रकचालकांचा आहे. नागपूरकडून आलेला ट्रक पैनगंगा ओलांडतो, आदिलाबाद मागे टाकतो आणि नेरडीगोंड्यावरून निर्मलच्या दिशेने जातो. माल ठरल्या वेळी पोहोचलाच पाहिजे. रस्ता, पाऊस आणि कोंडी यांवर चालकाची सत्ता नसते. गोव्यात पत्रादेवी ते पोळे महामार्गावर गाडी हाकणाऱ्याचीही गत फारशी निराळी नाही.

हृदयाला घातक ठरणारा ताण नेमका असाच असतो. कामाची मागणी मोठी आणि त्यावरील अधिकार अल्प, अशा स्थितीत माणूस अधिक खचतो, हे रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडले. ताणात ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, धमन्या आकसतात, नाडी जलद होते. हे क्वचित घडले तर शरीर सावरते. रोज घडल्यास धमन्यांचे अस्तर झिजते, हृदयाचा डावा कप्पा जाड होत जातो.

तरीही सारा दोष ताणाच्या माथी मारणे योग्य नव्हे. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या बसगाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बसून असणाऱ्या चालकांना, दुमजली बसचे जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा हृदयविकार अधिक आढळला. पुढे गणवेशांच्या मापांवरून त्यांनीच दाखवले, की चालक मुळातच कंबरेने स्थूल होते. बैठे काम, ढाब्यावरचे खारट जेवण, तंबाखू आणि अपुरी झोप ताणाच्या जोडीला असतातच.

मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ मधील अहवालानुसार, आठवड्याला ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयरोगाने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो.

खरी फसगत होते ती मोजणीत. सुटीच्या दिवशी, दवाखान्यात निवांत बसून घेतलेला आकडा १४०/९० च्या आत येतो आणि चालक निर्धास्त होतो. कामाच्या दिवशी मात्र तोच रक्तदाब चढलेला असतो. वैद्यकशास्त्रात याला झाकलेला उच्च रक्तदाब म्हणतात. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, त्यामुळे शंकाही येत नाही. म्हणून कामाच्या दिवसांतही, पाच मिनिटे शांत बसून, दंडावर पट्टा बांधून रक्तदाब मोजावा. चहा, तंबाखू वा बिडी घेतल्यावर अर्धा तास थांबावे. दवाखान्याबाहेरचे आकडे वारंवार १३५/८५ किंवा त्याहून अधिक आले, तर ते लिहून डॉक्टरांना दाखवावेत. सुरू झालेली गोळी बरे वाटते म्हणून स्वतःहून बंद करू नये.

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या आरंभीच्या पाच राज्यांत तेलंगणा होते, महाराष्ट्रही होते. या उपक्रमात औषधोपचार प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आणले गेले. चालकाची अडचण एवढीच, की त्याचे केंद्र गावी असते आणि तो रस्त्यावर. लांबच्या फेरीला निघण्यापूर्वी महिनाभराच्या गोळ्या गाडीत ठेवता आल्या, तर निदान उपचारात खंड पडत नाही.