विजेपासून खत: हिशोब युनिटच्या दरावर

हरित अमोनिया, म्हणजे स्वच्छ विजेने बनवलेला अमोनिया, नवा वाटतो ना? पंजाबातल्या नांगलच्या कारखान्यात 1960च्या दशकातच भाक्रा धरणाच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून त्याचा अमोनिया आणि अमोनियाचं खत बनत होतं!

एक टन अमोनियाला साधारण 10,000 युनिट वीज लागते. युनिट 4 रुपयांना पडलं तर नुसत्या विजेचे 40,000 रुपये. अडीच रुपयांना पडलं तर 25,000. यंत्रसामग्रीचा खर्च वेगळाच, आणि वीज सौर असेल तर ऊन फक्त दिवसा असल्याने ती महागडी यंत्रं रात्री बसून राहतात. खरी मेख इथेच आहे.

गावाजवळ प्रकल्प असला की वाहतूक वाचते, एरवी ज्या गॅसपासून अमोनिया बनतो त्या आयात गॅसच्या भावाची टांगती तलवारही जाते. पण युरियासाठी कार्बन डायऑक्साइडही लागतो, तो पाण्यातून मिळत नाही. म्हणून नांगलला कॅल्शियम अमोनियम नायट्रेट बनवत. माझ्या मते छोट्या प्रकल्पांनी आजही नायट्रेटच धरावं.