बेल्टचा आवाज आणि टेन्शनरचा दोष : निदानाच्या भाषेविषयी

मोटारीच्या इंजिनातून कर्कश आवाज येऊ लागला की मालक कारागिराला सांगतो, ‘बेल्ट ओरडतोय.’ कारागीर बेल्ट बदलतो. चार-आठ दिवस शांततेत जातात आणि तोच आवाज पुन्हा सुरू होतो. अशा प्रसंगी कारागिराचे कौशल्यच उणे पडले असे नेहमी म्हणता येत नाही. ज्या वाक्याने तक्रार मांडली गेली, त्या वाक्याच्या रचनेतच पुष्कळदा चुकीचे निदान दडलेले असते. ‘बेल्ट ओरडतो’ या वाक्यात बेल्ट हा कर्ता आहे, आणि क्रियेचा दोष कर्त्यावर ठेवण्याची सवय भाषेनेच लावलेली आहे. पाणिनीने स्वतंत्र असा कर्ता आणि त्याला प्रवृत्त करणारा हेतू यांत जो भेद केला, तो येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडतो. आवाज बेल्टमधून निघतो हे खरे. परंतु बेल्टला ओरडावयास लावणारा निराळाच असू शकतो. पुष्कळ वेळा तो टेन्शनर असतो.

या यंत्रभागाचे कार्य प्रथम समजून घेणे अवश्य आहे. इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाशी असलेल्या पुलीवरून एक लांब बेल्ट फिरतो. त्याच्या आतल्या अंगास लांबीच्या दिशेने खाचा असतात. आल्टरनेटर, वातानुकूलनाचा कंप्रेसर, अनेक इंजिनांत पाण्याचा पंप, आणि जेथे द्रवदाबाचे पॉवर स्टिअरिंग आहे तेथे त्याचा पंप, हे सारे त्या एका बेल्टवर चालतात. (इंजिनाच्या आत झडपांची वेळ सांभाळणारा टायमिंग बेल्ट निराळा, त्याचा येथे विचार नाही.) पद्मिनी, अँबॅसडर यांसारख्या जुन्या मोटारींत व्ही आकाराचा आखूड बेल्ट असे. डायनामो किंवा आल्टरनेटर बाहेरच्या बाजूस ओढून बोल्ट आवळला की त्याला ताण येई, आणि तो ताण पुरेसा आहे की नाही हे अंगठ्याने दाबून पाहिले जाई. १९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये सर्व उपकरणांभोवती नागमोडी फिरणारा एकच बेल्ट आला आणि पुढे ती पद्धत सर्वत्र रूढ झाली. एवढ्या लांब बेल्टचा ताण, तो झिजत असता व त्यावरील भार क्षणोक्षणी बदलत असता, कायम राखणे हाताचे काम नव्हे. म्हणून स्प्रिंगच्या जोराने बेल्टवर सतत रेलून राहणारी एक भुजा, तिच्या टोकाशी मोकळी फिरणारी पुली, आणि भुजेचे हेलकावे शोषून घेणारा घर्षणाचा भाग, अशी योजना करण्यात आली. हाच टेन्शनर. त्यास ‘ताणकप्पी’ असा शब्द सुचविता येईल. पण तो शब्द केवळ पुलीकडे लक्ष वेधतो, आणि दोष बहुधा स्प्रिंगमध्ये वा घर्षणाच्या भागात असतो. अर्ध्या वस्तूचे नाव पूर्ण वस्तूस देणारी परिभाषा निदानास साहाय्यक होत नाही. त्यापेक्षा गॅरेजातला ‘टेन्शनर’ बरा.

आता आवाजाचा प्रश्न. अनुकरणवाचक शब्द संख्येने थोडे आणि भाषेच्या व्यवस्थेत गौण असतात, असे मत सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत आढळते. मराठीपुरते तरी हे मत स्वीकारणे कठीण आहे. मराठीतील अभ्यस्त ध्वनिवाचक शब्दांची संख्या मोठी आहे, आणि ते केवळ अलंकार नसून भेददर्शक आहेत. सपीरने १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बहुसंख्य व्यक्तींनी ‘आ’युक्त निरर्थक शब्द मोठ्या वस्तूशी आणि ‘इ’युक्त शब्द लहान वस्तूशी जोडला होता. मराठीत ‘इ’ स्वर बारीक, तीक्ष्ण नादाशी आणि ‘अ’ स्वर भरड, जड नादाशी सहज जातो. ‘किरकिर’ आणि ‘करकर’ हे शब्द शेजारी ठेवले असता हे स्पष्ट होते.

हा भेद इंजिनापाशी फार कामाचा ठरतो. सकाळी थंड इंजिन सुरू करताना, अथवा वातानुकूलन चालू करताच, जे लांब किंचाळणे ऐकू येते, ते बेल्ट पुलीवरून घसरत असल्याचे चिन्ह होय; म्हणजे ताण कमी आहे. तुटक, तालबद्ध ‘चिवचिव’ ऐकू आली तर एखादी पुली रेषेबाहेर गेल्याचा संशय घ्यावा. सतत चालणारी आणि इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी ‘घरघर’ बेअरिंगची असते. (एखाद्या संस्थेस घरघर लागली असे म्हणताना जो अंत सुचविला जातो, तो बेअरिंगच्या बाबतीत अक्षरशः खरा असतो.) आणि इंजिन संथ चालू असता किंवा बंद होताना ‘खडखड’ झाली, तर टेन्शनरची भुजा आपल्या मर्यादेवर आदळत आहे, तिला आवरणारा भाग झिजला आहे, असे समजावे. ‘आवाज येतो’ एवढेच सांगणारा मालक हे चारही रोग एका नावाखाली घालतो. आवाज कसा व केव्हा येतो असे विचारणारा कारागीर निम्मे निदान तेथेच करतो.

कानाची साक्ष डोळ्याने व हाताने पडताळावी लागते. चालत्या इंजिनाच्या बेल्टवर, हात व कपडे दूर ठेवून, खाचांच्या बाजूस थोडे पाणी फवारावे. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुलीची रेषा चुकली आहे. वाढला तर ताण उणा आहे. इंजिन संथ चालू असता भुजा जवळजवळ स्थिर दिसली पाहिजे. ती थरथरत असेल तर टेन्शनर दोषी असण्याचा संभव मोठा. तथापि काही मोटारींत आल्टरनेटरच्या पुलीत एकाच दिशेने पकडणारी यंत्रणा असते, ती अडकली तरीही भुजा अशीच थरथरते. तेव्हा शिक्षा देण्यापूर्वी दुसऱ्या आरोपीचीही चौकशी व्हावी. भुजेच्या सांध्याजवळ तांबूस गंजाची भुकटी दिसणे हा मात्र जवळजवळ निर्णायक पुरावा होय. बेल्टच्या बाह्य रूपावर विसंबू नये. जुने बेल्ट भेगा पडून आपले वय सांगत. अलीकडच्या कृत्रिम रबराच्या बेल्टांना भेगा फारशा पडत नाहीत, खाचाच हळूहळू झिजून खोल होतात, आणि बेल्ट दिसावयास नवाच राहतो.

दुर्लक्षाची किंमत केवळ आवाजापुरती नसते. बेल्ट निसटला की विद्युत्प्रवाह थांबतो, स्टिअरिंग एकाएकी जड होते, आणि पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असेल तर इंजिन काही मिनिटांतच तापते. घाटात हे घडले तर परिणामांचे वर्णन करण्याची गरज नाही.

टेन्शनर बदलण्याचे काम अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. इंजिन थंड होऊ द्यावे, बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, आणि बेल्टचा मार्ग कागदावर काढून ठेवावा. स्मृतीवर विश्वास ठेवणाऱ्यास तो पुन्हा बसविताना तासभर जातो. भुजेच्या चौकोनी भोकात लांब दांड्याचा पाना घालून ती स्प्रिंगच्या विरुद्ध फिरवावी, बेल्ट एका पुलीवरून काढावा आणि भुजा सावकाश परत सोडावी. ती हातातून सुटली तर बोटे सापडतात. आता प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. जी खरखरते किंवा डगमगते ती बदलावी. मधला बोल्ट सोडविताना जोर करण्यापूर्वी त्याचे आटे उलटे नाहीत ना हे पाहावे; काही इंजिनांत ते तसे असतात. नव्या टेन्शनरच्या पाठीमागे एक लहान खुंटी असते. ती इंजिनावरील भोकात नेमकी बसली नाही तर पुली तिरपी राहते, आणि दुरुस्तीतूनच नवी चिवचिव जन्मास येते. बोल्ट निर्मात्याने सांगितलेल्या बलानेच आवळावा. बेल्ट चढविल्यावर त्याची प्रत्येक खाच प्रत्येक पुलीवर नीट बसल्याची बोट फिरवून खात्री करावी. एक खाच बाहेर राहिली तरी बेल्ट थोड्याच वेळात कडेने फाटतो. त्यानंतर बॅटरी जोडावी, इंजिन सुरू करावे आणि भुजेवरील खूण दोन मर्यादारेषांच्या मध्ये आहे की नाही ते पाहावे. नवा टेन्शनर बसवूनही खूण रेषेबाहेर जात असेल, तर बेल्ट चुकीच्या लांबीचा तरी आहे किंवा चुकीच्या मार्गाने तरी फिरविला आहे.