समुद्राशी नाते सांगणाऱ्या कलावस्तू : शौक, व्यवहार आणि खबरदारी

माढ्याच्या पेठेत कापडाच्या दुकानात बसून समुद्रावर लेख लिहिणे काही वाचकांना विचित्र वाटेल. आमच्या तालुक्यात समुद्राचे नाव काढले तर लोक उजनीच्या यशवंतसागराकडे बोट दाखवतात. खरा समुद्र पाहायचा तर रात्रीची गाडी धरून मुंबई गाठावी लागते. तरीही गेली वीस-बावीस वर्षे मला एक शौक आहे. जहाज, बंदर, लाटा, होकायंत्र असे काही असलेले जुने चित्र, छापील कागद किंवा वस्तू दिसली की माझा पाय निघत नाही. या शौकात मी पैसे घालवले आणि थोडे शिकलोही. माझ्या ओळखीतले काही तरुण व्यापारी आता जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीत उतरू पाहत आहेत. त्यांना माझ्यासारखी ठेच लागू नये, म्हणून ही माहिती.

पहिली चूक घरातच

आमच्या वालिदांच्या काळात मलमल, लाँगक्लॉथ वगैरे कापडाच्या ताग्यावर रंगीत चित्राचा कागद चिकटवलेला असे. त्याला कोणी तिकीट म्हणे, कोणी टिका, कोणी छाप. हे कागद सुरुवातीला मँचेस्टरच्या मालाबरोबर आले आणि पुढे आपल्या गिरण्यांनीही ती पद्धत उचलली. गिऱ्हाइकाला इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून माल चित्रावरून ओळखला जाई. हत्ती, वाघ, देवी-देवता, राजे-राण्या यांच्याबरोबर शिडाची जहाजे आणि आगबोटीही या छापांवर असत. गिऱ्हाईक दुकानात येऊन "जहाज छाप द्या" म्हणे.

वालिदांनी असे शे-दीडशे छाप एका जुन्या खतावणीच्या पानांवर खळीने चिकटवून ठेवले होते. १९८९ साली दुकानाची दुरुस्ती निघाली. मी तेव्हा ऐन विशीत होतो. ती वही मी इतर जुन्या वह्यांबरोबर रद्दीवाल्याला किलोवर देऊन टाकली. वालिद दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या नाराजीचे कारण मला फार उशिरा कळले. २०२५ साली बंगळूरच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी या संग्रहालयाने भारत आणि ब्रिटन यांच्यातील कापड व्यापाराच्या अशाच छापांचे 'तिकीट टिका छाप' नावाचे मोठे प्रदर्शन भरवले. जे कागद मी रद्दीत घातले, ते आज काचेच्या आड लावले जातात.

आपल्या भागाचे समुद्राशी नाते

आपला भाग समुद्रापासून दूर असला तरी परका नाही. बार्शीच्या पलीकडचे तेर हे गाव म्हणजे जुने तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत तगरहून साधे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही आमचा कापडाचा धंदा समुद्राला जोडलेला होता. तेरमध्ये सापडलेल्या वस्तू गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या आणि तेथील शासकीय वस्तुसंग्रहालयाला आज त्यांचेच नाव आहे. एका गावकऱ्याचा शौक पुढे सर्वांच्या कसा कामी येतो, याचे याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात रोमन बनावटीच्या ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्यांत पोसायडन या ग्रीकांच्या समुद्रदेवतेची लहान मूर्ती आहे. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाचे नाव या मूर्तीमुळे दूरवर गेले. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवलेले आहे. सातवाहन राजांनी जहाजाचे चित्र असलेली नाणी पाडली. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे वीरगळांवर आरमारी लढाई कोरलेली आहे.

या वस्तू पाहण्यासाठी आहेत, विकत घेण्यासाठी नाहीत. डोळा तयार करायचा तर आधी संग्रहालये पाहावीत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात समुद्रविषयक स्वतंत्र दालन आहे. पैसे खर्च करण्यापूर्वी एक दिवस तिथे घालवावा.

बेताच्या ऐपतीत काय जमवता येते

पहिला प्रकार वर सांगितलेल्या कापडाच्या छापांचा. कापड व्यापाऱ्यांची जुनी घराणी, बंद पडलेल्या पेढ्या, रद्दीची दुकाने येथे ते अजूनही निघतात. सोलापूरसारख्या गिरणगावात तर शोध घ्यायलाच हवा. तेथील जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली होती.

दुसरा प्रकार जुन्या रंगीत छापील चित्रांचा. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. समुद्रावर धनुष्य रोखलेल्या रामाचे त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. अशी छापील चित्रे मूळ तैलचित्रांच्या मानाने पुष्कळ कमी दरात मिळतात.

तिसरा प्रकार आपल्या घराघरांत पडून आहे आणि त्याकडे कोणाचे लक्ष नाही. १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाहला हाजी जहाजाने जात. मुघल लाईनची 'मोहम्मदी', 'अकबर', 'नूरजहाँ' ही नावे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असत. त्या प्रवासाची तिकिटे, सामानाच्या चिठ्ठ्या, जहाजावरचे फोटो, जहाजाचे चित्र असलेली पोस्टकार्डे काही घरांत ट्रंकेच्या तळाशी आहेत. आमच्या दादींच्या ट्रंकेत असे एक जहाजाचे चित्र निघाले. मागे शाईने उर्दूत तारीख आणि सोबतच्या हाजींची नावे होती. बाजारात त्याला काय मिळेल ते मी विचारलेले नाही. ते मी फ्रेम करून दुकानात लावले आहे.

चौथा प्रकार जहाजांतून निघालेल्या वस्तूंचा. गुजरातमध्ये अलंग येथे १९८३ पासून जुनी जहाजे तोडली जातात. मुंबईत दारूखाना त्याच कामासाठी ओळखला जातो. तेथून निघालेले कंदील, घड्याळे, खिडक्या, सुकाणूची चाके मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर येतात. येथे एक हिशेब ध्यानात ठेवावा. तोडायला येणारे जहाज साधारणपणे पंचवीस-तीस वर्षांचे असते. त्यामुळे "जहाजातली वस्तू आहे" हे विक्रेत्याचे म्हणणे खरे असू शकते, पण "शंभर वर्षांची आहे" हे बहुधा खरे नसते.

पाचवा प्रकार नव्या चित्रांचा. नागपूरला १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे यांचे १९६१ मधील निळ्या रंगाचे एक चित्र मार्च २०२१ मध्ये लिलावात ३९ कोटी ९८ लाख रुपयांना गेले. पाहणाऱ्याला त्यात समुद्र आठवतो. हा आकडा वाचून कोणी हुरळून जाऊ नये. तो बाजार आपला नव्हे. आपल्यासाठी कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शने आणि कोकण-गोव्यातील तरुण चित्रकार आहेत. चित्रकाराच्या हातून चित्र घेतले तर ते खरे की खोटे हा प्रश्नच उरत नाही. सही, तारीख आणि बिल मात्र मागून घ्यावे.

खरे कसे ओळखावे

माझी दुसरी चूक येथे सांगतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मुंबईत एका विक्रेत्याने मला पितळी सेक्स्टंट दाखवला. समुद्रावर सूर्य-ताऱ्यांचा कोन मोजून जहाजाची जागा काढण्याचे हे यंत्र. त्यावर 'केल्व्हिन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७' असे कोरलेले होते. मी ९,००० रुपये मोजले. दोन महिन्यांनी तसेच यंत्र, तेच नाव, तेच साल, कोऱ्या खोक्यांत ओळीने मांडलेले दुसऱ्या शहरात पाहिले. भाव १,२०० रुपये. पुढे कळले की या नावाची कंपनीच मुळी १९४७ साली दोन कंपन्या एकत्र येऊन झाली. मग १९१७ चा शिक्का येईल कोठून? अशा नकला आपल्याच देशात सर्रास बनतात. शोभेची वस्तू म्हणून विकल्या तर त्यात काही गैर नाही. जुन्या म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

पितळी वस्तू घेताना चार गोष्टी पाहाव्यात. स्क्रूच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असेल तर वस्तू १९३० च्या आधीची नाही, कारण तो स्क्रू नंतरचा आहे. मोजपट्टीवरच्या रेघा बारीक आणि सारख्या असाव्यात. खऱ्या यंत्रात त्या बहुधा चांदीच्या पातळ पट्टीवर असतात. दुर्बिणीतून स्पष्ट दिसले पाहिजे. आणि काळपटपणा सगळीकडे सारखा असेल तर तो तेजाबाचा समजावा. वापरलेली वस्तू हात लागतो तिथे उजळ आणि खाचांत काळी असते.

कागदासाठी आपल्या धंद्यातलेच हत्यार पुरे आहे. एका इंचात सूत किती ते मोजायचे आपले भिंग चित्रावर ठेवावे. आजच्या छपाईत रंगाचे ठिपके जाळीसारखे ओळीत दिसतात. जुन्या दगडी छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे, म्हणून ठिपके आणि डाग आडवेतिडवे पडलेले दिसतात. जाळी दिसली की नक्कल समजून परत द्यावे. या भिंगाने माझे अनेकदा पैसे वाचवले आहेत.

कायदा माहीत हवा

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा १९७२ चा आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित त्यात येते. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. जुन्या मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी करावी लागते. खाजगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक दुबई, रियाध, मस्कतला आहेत. त्यांना भेट म्हणून जुनी वस्तू बॅगेत घालून देऊ नये. वस्तू जुनी दिसते पण नवी आहे असे असेल, तर पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घेता येतो.

शेतात किंवा पाया खोदताना नाणी, मूर्ती सापडल्या तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. "शेतात सापडले, गुपचूप देतो" म्हणून कोणी जहाजाचे नाणे घेऊन आला तर हात लावू नये. ते नकली असेल तर पैसे गेले, अस्सल असेल तर गुन्हा झाला.

हस्तिदंत, कासवाच्या कवचाच्या वस्तू आणि प्रवाळ यांच्यापासूनही दूर राहावे. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळाला २००१ पासून संरक्षण आहे.

कापडवाल्यांसाठी एक खास सूचना. चित्र विकत घेतले म्हणजे ते चादरीवर किंवा साडीवर छापण्याचा हक्क मिळत नाही. तो हक्क चित्रकाराकडेच राहतो, तोही त्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षे. छापायचे असेल तर लेखी परवानगी आणि मोबदला ठरवून घ्यावा.

जतन आणि हिशेब

कागद उन्हात लावू नये. सेलोटेप, लॅमिनेशन, डिंक वापरू नये. वर्षातून दोनदा फ्रेम उतरवून कसर लागली आहे का ते पाहावे. जुने पितळ घासून चकचकीत करू नये, त्याने किंमत घटते.

पैशाचे बोलायचे तर या वस्तूंना कापडासारखा रोजचा दर नाही. विकायचे म्हटले तर गिऱ्हाईक मिळायला वर्षही लागते. चित्रे व कलावस्तू विकून झालेल्या नफ्यावर २००७ पासून भांडवली नफ्याचा कर आहे, म्हणून खरेदीचे बिल जपावे. कर्ज काढून किंवा दुकानाचे भांडवल काढून हा शौक करू नये. घरखर्च, उधारी, मुलांचे शिक्षण भागल्यावर उरेल त्यातूनच करावा. प्रत्येक वस्तूमागे एक चिठ्ठी ठेवावी: कोठून घेतली, कोणाकडून, केव्हा, कितीला. ही चिठ्ठीच पुढे वस्तूची साक्ष देते.

शेवटी एक विनंती. ज्यांच्या घरी जुनी कापडाची पेढी होती किंवा ज्यांचे वडीलधारे जहाजाने हजला गेले होते, त्यांनी जुन्या वह्या आणि ट्रंका रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा पान न् पान उलटून पाहावे. जहाज छापाचा एक कागद मला सहा वर्षांपूर्वी बार्शीच्या एका जुन्या दुकानात मिळाला. वालिद तेव्हा हयात नव्हते. तो मी वालिदांच्या वापरातल्या गजाशेजारी लावला आहे.