पिल्लांचे वरचे खाणे

थंडी पडू लागली की ओझरच्या वस्त्यांत कुठे लाकडांच्या ढिगाआड, कुठे मोरीमागे कुत्री व्यालेली दिसते. पोरे धावत घरी येतात, दुधाची बशी नेऊन पिल्लांपुढे ठेवतात. पुढे पिल्ले एकेक करून दगावतात आणि आपण म्हणतो, थंडीने गेली. निफाड तालुक्याची थंडी कडक खरीच, पण आमच्या मते पुष्कळदा दोष त्या बशीचाही असतो.

कुत्रीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त आणि दुधातली साखर मात्र कमी असते. म्हणून गाई-म्हशीचे दूध पिल्लांना बाधते, जुलाब होतात, आणि मुठीएवढा जीव जुलाबाने एका दिवसात सुकतो.

आपले बाळ सहा महिन्यांचे झाले की अंगणवाडीताई वरचे खाणे सुरू करायला सांगतात. पिल्लांचे हे वय येते साधारण चौथ्या आठवड्यात. डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात, तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात येऊ लागतात. ते टोचले की आई स्वतःच उठून जाऊ लागते. ती निर्दय झाली असे पोरांना वाटते, पण ही तिची रीतच आहे.

त्याआधी खाऊ घालायचे ते आईला. पाजणाऱ्या कुत्रीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागते. मग पिल्लांसाठी मऊ गुरगुट्या भातात उकडलेले अंडे किंवा चिकनच्या दुकानातले स्वस्त तुकडे शिजवून, हाडे काढून, कुस्करावेत. मीठ-मसाला नको. पसरट ताटलीत पातळसर, कोमट, दिवसातून चार वेळा. पहिल्या दिवशी बोटाने चाटवावे. ताटलीत पाय घालून ती लोळणारच! हळूहळू घट्ट करीत सात-आठ आठवड्यांत दूध सुटते. त्याआधी पिल्लू आईपासून तोडून घरी आणू नये. बिस्किटांनी पोट भरते, अंग धरत नाही.

आपल्या भागात एक जपायला हवे. मळ्यातली द्राक्षे, बेदाणे आणि घरोघरचा कांदा, हे कुत्र्याला विष आहे. द्राक्षाने मूत्रपिंड बिघडते, कांद्याने रक्त नासते. कांद्याचा रस्सा कालवलेली भाकरीदेखील नको.

पिल्लांना जंत आईकडूनच येतात. त्यांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात जाऊ शकतात, म्हणून पिल्लांशी खेळून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांना जेवू देऊ नये. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला जंताचे औषध द्यावे लागते. मात्रा वजनावर असते, ती जनावरांच्या डॉक्टरांनाच विचारावी. सहा ते आठ आठवड्यांत पार्व्होची पहिली लस आणि तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची. गल्लीतल्या चार घरांनी वर्गणी काढली तर कुणा एकावर भार पडत नाही.