लेक परदेशात इंटर्नशिपला निघाली, तर आधी काय बघायचं?

आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत कर्जाची एक मागणी आली, अडीच लाखांची. शेळी, शिलाई मशीन, खरिपाचं बियाणं, फार तर मिरची कांडप, एवढंच ऐकायची सवय असलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मागणी करणाऱ्या ताईंची मुलगी पुण्यात एमबीए करते, विषय मार्केटिंग. एका एजंटने तिला जर्मनीतल्या इंटर्नशिपचं पत्र दिलं होतं. राहायला जर्मन कुटुंबात, जेवण फुकट, वर महिना पगार. पैसे पंधरा दिवसांत भरायचे. ताईंनी गंठण गहाण टाकायची तयारी केली होती, उरलेले गटाकडून हवे होते.

आम्ही पत्र मागून घेतलं आणि सगळ्यांसमोर वाचलं. आज तुम्हाला सांगायचं आहे ते त्या वाचनातूनच निघालेलं आहे.

इंटर्नशिप म्हणजे आपल्या जुन्या शब्दात उमेदवारी. शिकणाऱ्या मुलीने कंपनीत राहून काम शिकायचं. शिकणं हे मुख्य, पैसा नंतर. आता पत्रात काय होतं? कंपनीचा पत्ता नव्हता. काम काय, रोज किती तास, शिकवणार कोण, काही नाही. कुटुंबाबद्दल मात्र एक ओळ होती: घरात मुलं आहेत, मुलीने 'थोडी मदत' करावी. आमच्यातल्या एक काकू पटकन म्हणाल्या, "अगं, ही तर मोलकरीण नेतायत."

काकूंचं अगदीच चुकलं नव्हतं. जर्मनीत कुटुंबात राहून मुलं सांभाळण्याची एक रीतसर पद्धत आहे, तिला ओ-पेअर म्हणतात. त्यात वाईट काही नाही. पण तिचे नियम ठरलेले आहेत: वय १८ ते २६, स्वतंत्र खोली, जेवण, आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास काम, महिन्याला २८० युरो हातखर्च, आणि मुदत फार तर एक वर्ष. त्याचा व्हिसा वेगळा. इंटर्नशिपचा व्हिसा वेगळा. एका कागदात दोन्ही कालवलं असेल तर तो कागद दोन्हींपैकी कशाचाच नाही, असं समजावं.

शिकणाऱ्या मुलीला इंटर्नशिपचा व्हिसा मिळतो तो लेखी करारावर. त्या करारात पाच गोष्टी असाव्या लागतात: काय शिकवणार, किती दिवस, कामाच्या आणि देखरेखीच्या अटी काय, कामाचे तास किती, आणि कंपनी व मुलगी यांचं कायदेशीर नातं काय. पैशाचंही समजून घ्या. कॉलेजच्या अभ्यासक्रमातच इंटर्नशिप सक्तीची असेल, तर तिला जर्मनीचं किमान वेतन लागू होत नाही. भत्ता मिळाला तर मिळाला. स्वखुशीने केलेली इंटर्नशिप तीन महिन्यांवर गेली, तर मात्र किमान वेतन द्यावं लागतं. २०२५ साली ते तासाला १२.८२ युरो होतं. म्हणून 'भरघोस पगार' असं कोणी म्हटलं, की आपण विचारायचं: सक्तीची की स्वखुशीची?

आणि एजंट. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली सरकारकडे नोंदणी करावी लागते. त्याची फी ३० हजार रुपये अधिक जीएसटी, याच्या वर नाही. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. आम्ही मागितला तर पलीकडून आधी गोड बोलणं झालं, मग फोन उचलणंच बंद. शंका आली तर परराष्ट्र मंत्रालयाची हेल्पलाइन आहे, १८०० ११ ३०९०.

गटाने कर्ज नाकारलं. ताई दोन बैठकांना आल्या नाहीत. आम्हालाही रात्री झोप लागेना, खरं सांगतो. पोरीची संधी आपणच घालवली की काय, असं वाटत राहिलं. पण मुलीनेच कॉलेजच्या सरांना गाठलं, कंपन्यांना स्वतः अर्ज पाठवले, पुष्कळ नकार पचवले, आणि स्टुटगार्टजवळ सेंद्रिय खाद्यपदार्थ विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत पाच महिन्यांची जागा मिळवली. करारात पाचही गोष्टी होत्या. या वेळी गटाने विमान तिकीट आणि आरोग्य विम्यासाठी ८० हजार दिले.

राहणं एका वयस्कर जोडप्याच्या घरी, माडीवरच्या खोलीत. इथेही कागद आहेच. तिकडे राहायला गेलं की दोन आठवड्यांत नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं, आणि त्यासाठी घरमालकाची सही लागते. सही द्यायला घरमालक टाळाटाळ करत असेल तर तिथेच सावध व्हावं. पासपोर्ट मात्र कुणाच्याही हातात ठेवायला द्यायचा नाही, घरमालकाच्या नाही आणि साहेबाच्याही नाही.

जाताना ताईंनी पेढे आणि साजूक तूप बांधलं होतं. ते काढून ठेवावं लागलं. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत. मग गटातल्या बायकांनी एक गोधडी शिवली. ती त्या आजींनी सोफ्यावर अंथरलीय, फोटो आम्ही पाहिला.

पहिले पंधरा दिवस जड गेले. डिसेंबरात तिथे साडेचारलाच अंधार. तेव्हा आपली घड्याळं साडेचार तास पुढे, म्हणजे ती कामावरून येईपर्यंत इकडे आई झोपलेली. रात्रीच्या जेवणाला गरम काही नाही, पाव, चीज आणि काकडी. तिला वाटलं, आपल्याला कमी लेखतात. नंतर कळलं, ते स्वतःही तेच खातात. रात्री दहानंतर आवाज नाही, रविवारी दुकानं बंद. पाण्याची प्लास्टिकची बाटली फेकायची नाही, दुकानातल्या मशीनमध्ये परत केली की २५ सेंट मिळतात. आणि त्या भागात जिना, ओटा झाडण्याची पाळी असते, दारावर पाटी लावून ठरवलेली. घरातले सगळे पाळी करतात, म्हणून हिनेही केली. ताईंनी फोनवर घाबरून विचारलं, "झाडू मारायला लावतात का गं?" आम्ही समजावलं की आठवड्याची पाळी वेगळी आणि रोजची चाकरी वेगळी. खूण अशी, की काम घरातले बाकीचेही करतात का आणि नाही म्हणता येतं का.

कामावर काय शिकली, हे आमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं. पहिला महिनाभर तिला दुकानांत नुसतं उभं केलं, गिऱ्हाईक काय उचलतं आणि काय परत ठेवतं ते लिहायला. तिथे दुकानातल्या किमतीखाली किलोचा किंवा लिटरचा भाव लिहावा लागतो, त्यामुळे छोटं पाकीट महाग पडतं हे लगेच दिसतं. गिऱ्हाइकाने परवानगी दिल्याशिवाय त्याला जाहिरातीचे मेल पाठवता येत नाहीत. आणि अंडी! अंड्यावर शिक्का असतो. पहिला आकडा ० म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे मोकळ्यावर फिरणारी कोंबडी, २ म्हणजे शेडमध्ये मोकळी, ३ म्हणजे पिंजऱ्यातली. त्यापुढे देशाचं अक्षर आणि फार्मचा क्रमांक. शेतांच्या कडेला तर अंड्यांचं कपाट आणि शेजारी पैशाचा डबा, विकणारं माणूसच नाही!

आमच्या गावरान अंडीवाल्या गटाने हे ऐकलं आणि दुसऱ्या आठवड्यात ट्रेवर चिठ्ठी लावायला घेतली: कोंबड्या मोकळ्या की शेडमधल्या, अंडी कोणत्या तारखेची. पैशाच्या डब्यावर मात्र अजून वाद चालू आहे.

८० हजारांतले चार हप्ते फिटलेत, पाचवा येत्या बैठकीत आहे. गंठण ताईंच्या गळ्यातच आहे.