एकवीस अक्षरांचा लगाम

अधिक घातले तर अधिक निघावे, हा व्यवहारातला साधा हिशेब. कॅलिफोर्नियात ओकलंड येथील एका कंपनीत रिचर्ड जॉर्गेन्सन आणि कॅरोलिन नॅपोली हे संशोधक पेटुनियाच्या फुलांवर काम करीत होते, तेव्हा त्यांनीही हाच हिशेब मांडला होता. फुलाच्या जांभळ्या रंगासाठी चाल्कोन सिंथेज नावाचे एक विकर आवश्यक असते. ते घडविणाऱ्या जनुकाची एक जादा प्रत रोपात घातली, तर रंग अधिक गडद व्हावा, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेक रोपांना पांढरीशुभ्र फुले आली, तर काहींच्या पाकळ्यांवर जांभळ्या-पांढऱ्या रंगांची नक्षी उमटली. बाहेरून आणलेले जनुक गप्प बसलेच, पण घरचे मूळ जनुकही त्याच्याबरोबर मुके झाले. हा वृत्तान्त १९९० साली प्रसिद्ध झाला. फसलेला प्रयोग तोट्याच्या खाती टाकून वही मिटण्याचा मोह नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेतही आवरला गेला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

जनुक म्हणजे पेशीच्या केंद्रकात जपून ठेवलेला मूळ दस्तऐवज होय. तो कधी बाहेर काढला जात नाही. कामापुरती त्याची नक्कल काढली जाते. संदेशवाहक आरएनए हीच ती नक्कल, आणि तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होते. पांढऱ्या फुलांत दस्तऐवज शाबूत होता आणि नक्कलही निघत होती. पण ती कामावर रुजू होण्यापूर्वीच फाडली जात होती. ती कोण फाडते, याचा उलगडा होण्यास जवळजवळ एक दशक लागले. दुपदरी आरएनए टोचला असता त्याच्याशी जुळणारे जनुक बंद पडते, हे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका सूक्ष्म कृमीत दाखविले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉरिच येथील सेन्सबरी प्रयोगशाळेत अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बोल्कोम यांना मुक्या झालेल्या जनुकाशी जुळणारे, जेमतेम पंचवीस अक्षरांचे आरएनएचे तुकडे वनस्पतींत सापडले. ते इतके लहान होते, की नेहमीच्या चाचण्यांत ते निसटूनच जात. २००६ चे नोबेल पारितोषिक कृमीवरील संशोधनाला मिळाले आणि २०२४ चेही कृमीपासूनच आरंभ झालेल्या संशोधनाला. ज्या फुलाने हा प्रश्न प्रथम इतक्या उघडपणे विचारला, त्याच्या वाट्याला त्या मानाने थोडेच आले, असे म्हणावे लागेल.

हे तुकडे म्हणजे केवळ विषाणू किंवा उपरी जनुके यांविरुद्धचे शस्त्र नव्हे, हे २००२ च्या सुमारास स्पष्ट झाले. वनस्पतीच्या स्वतःच्या जनुकसंचातच अशा सूक्ष्म आरएनएचे पाठ लिहिलेले असतात. त्यांतून निघालेला लांब धागा केसातल्या आकड्याप्रमाणे स्वतःवरच दुमडतो आणि एक विकर त्यातून साधारण एकवीस अक्षरांचा तुकडा कापून काढते. तो तुकडा 'आर्गोनॉट' नावाच्या प्रथिनाच्या हाती लागतो. (हे प्रथिन बिघडलेल्या रोपाची अरुंद पाने पाहून संशोधकांना त्या नावाच्या अष्टपाद प्राण्याची आठवण झाली, म्हणून हे नाव.) मग आर्गोनॉट हाती आलेल्या तुकड्याशी जुळणारी नक्कल शोधतो व तिचे दोन तुकडे करतो.

रोपाचे बालपण केव्हा संपावे, हेही अशाच एका तुकड्यावर अवलंबून असते. त्याला शास्त्रज्ञांनी 'एमआयआर १५६' असे रुक्ष नाव दिले आहे. कोवळ्या रोपात तो विपुल असतो आणि प्रौढपणाकडे नेणाऱ्या जनुकांना दाबून धरतो. वय वाढते तसा तो घटत जातो. पानांनी तयार केलेली साखर त्याला ओहोटी लावते, असे २०१३ मध्ये दिसून आले. म्हणजे पुरेशी शिल्लक साठल्याखेरीज फुलोऱ्याचा खर्च हाती घ्यावयाचा नाही, असा हा बंदोबस्त आहे. महाराष्ट्रात रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ अनेकांच्या परिचयाची असेल. तिच्या कोवळ्या रोपाला आपल्या बाभळीसारखी बारीक पर्णिकांची पाने येतात. पुढे त्यांच्या जागी लांब, चपटी, कोयत्यासारखी वाकलेली 'पाने' येतात, जी वस्तुतः रुंदावलेले देठ असतात. तिच्या भाऊबंदांची आणि निलगिरीची तपासणी २०११ मध्ये झाली, तेव्हा हे स्थित्यंतर होताना तोच तुकडा ओसरत असल्याचे आढळले.

भाताच्या पिकात याच तुकड्याचा संबंध थेट पोटापाण्याशी येतो. त्याच्या आज्ञेत राहणाऱ्या एका जनुकात, नेमक्या पकडीच्या जागी, एका अक्षराचा फरक पडला की पकड सुटते. फुटवे कमी येतात, पण खोड दणकट होते व लोंबीला अधिक फांद्या येऊन दाणे वाढतात. चिनी आणि जपानी संशोधकांनी २०१० मध्ये हे स्वतंत्रपणे दाखवून दिले. अर्थात लोंबी कितीही भरली, तरी फुटवे फारच घटल्यास एकूण उत्पन्न वाढेलच असे नाही. लगाम किती सैल करावा, हाच खरा प्रश्न आहे.

तो अधिक तीव्रतेने उभा राहतो तो स्फुरदाच्या बाबतीत. स्फुरदयुक्त खतांसाठी व त्यांच्या कच्च्या मालासाठी भारताला मोठ्या प्रमाणावर आयातीवर विसंबावे लागते. आणि इतके मोल मोजून शेतात टाकलेल्या स्फुरदाचा मोठा भाग जमिनीतच जखडून राहतो. अशा वेळी पिकाच्या मुळांनी अधिक जोमाने स्फुरद ओढावे, असे कोणत्याही शेतकऱ्याला वाटेल. वनस्पतीजवळ त्याची यंत्रणा आहे. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपावर ती चांगली अभ्यासली गेली आहे. स्फुरदाची टंचाई जाणवताच पाने 'एमआयआर ३९९' हा तुकडा तयार करतात. तो अन्नवाहिनीतून मुळाशी उतरतो आणि स्फुरद घेण्याला आवर घालणाऱ्या जनुकाची नक्कल फाडतो. आवर सुटला, की मुळे अधिक स्फुरद घेऊ लागतात. परंतु त्याच टंचाईत वनस्पती एक तोतया आरएनएही सोडते. तो या तुकड्याला चिकटतो, पण मधल्या काही अक्षरांचा मेळ नसल्याने कापला जात नाही. तुकडा मात्र अडकून पडतो. ही गोष्ट २००७ मध्ये उघडकीस आली. थोडक्यात, लगामालाही लगाम आहे.

प्रयोगशाळेत हा आवर अजिबात काढून टाकून पाहिले गेले आहे. त्या रोपांनी पानांत स्फुरदाचा भरमसाट साठा केला आणि त्या साठ्याच्या विषारी परिणामाने पानांच्या कडा करपून गेल्या.