पाहुण्याचा अन्यायाचा अभिप्राय आणि यजमान शेतकरी

शेतीच्या उत्पन्नास जोड म्हणून घरांतील एखाद-दुसरी खोली प्रवाशांस दोन-चार दिवस भाड्यानें देण्याचा उद्योग आतां कोंकणांतच नव्हे, तर देशावरहि बराच रूढ झाला आहे. राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाची न्याहारी-निवास योजना आहेच. २०२० सालीं कृषी पर्यटनाचें धोरण मंजूर झाल्यापासून शेतकऱ्यांचें लक्ष इकडे विशेष वेधलें. खोली कशी बांधावी, जेवण काय द्यावें, हें सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु पाहुणा निघून गेल्यावर जो अभिप्राय लिहून ठेवतो, तो खोटा किंवा अतिरंजित असल्यास काय करावें, याविषयीं फारसें कोणी सांगत नाहीं. कित्येक सभासदांनीं याबद्दल पृच्छा केली आहे, आणि प्रस्तुत लेखकासहि या गोष्टीचा चटका बसलेला आहे. म्हणून हा विषय येथें थोड्या विस्तारानें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम एका प्रतिकूल अभिप्रायानें नुकसान किती होतें, हें हिशेबानें पाहूं. एअरबीएनबी या कंपनीच्या पद्धतींत पाहुणा एकूण मुक्कामास एक ते पांच तारका देतो. शिवाय स्वच्छता, वर्णनाचा खरेपणा, आगमनाची व्यवस्था, संभाषण, जागा आणि दराच्या मानानें मिळालेला मोबदला यांसहि निराळ्या तारका असतात. उत्तम यजमानास 'सुपरहोस्ट' अशी पदवी मिळते. तिच्या अटींत सरासरी किमान ४.८ असावी लागते. आतां एखाद्यानें एकच तारका दिली, तर सरासरी पुनः ४.८ वर आणण्यास पांच तारकांचे १९ अभिप्राय लागतात! तीन तारका दिल्यास ९, आणि चार तारका दिल्यास ४. शहरांतील मनुष्य चार तारका देतो तेव्हां आपण चांगलाच शेरा दिला असें त्यास वाटतें. यजमानाच्या पदरीं मात्र घट येते. शहरांतील बाराही महिने भरलेल्या घरास १९ पाहुणे म्हणजे दोन-तीन महिन्यांची गोष्ट. आमच्याकडे आंब्याचा हंगाम, दिवाळी व नाताळ सोडल्यास शनिवार-रविवारींच काय तें कोणी येतें. एवढे पाहुणे जमण्यास वर्ष सहज उलटतें.

लेखकाच्या दोन खोल्या पोफळीच्या बागेस लागून आहेत. एका मे महिन्यांत एक कुटुंब तीन दिवस उतरलें. दुसऱ्या रात्रीं वीज गेली व दोन तास आली नाहीं. सकाळीं गृहस्थांनीं अर्धें भाडें परत मागितलें, आणि न दिल्यास काय लिहावयाचें तें आपणांस ठाऊक आहे, असें पडवींत उभें राहून सांगितलें. एका रात्रीचें भाडें सोडण्यास आम्हीं तयार होतों; तें त्यांस पुरेसें वाटलें नाहीं. चार दिवसांनीं अभिप्राय आला: खोली घाणेरडी, पाणी गढूळ, यजमान उद्धट. पाण्याविषयीं तर घरांतील मंडळींस इतकें वाईट वाटलें कीं विचारूं नये, कारण आमच्या विहिरीचें पाणी अर्धी वाडी पिते. त्या हंगामांत दोन ठरलेलीं आरक्षणें रद्द झालीं.

अभिप्राय चांगल्यासाठीं किंवा भाडें परत मिळविण्यासाठीं धाकदपटशा करणें हें कंपनीच्या नियमांविरुद्ध आहे, आणि असा अभिप्राय काढून टाकला जाऊं शकतो. परंतु आमच्याजवळ पुरावा नव्हता. धमकी पडवींत दिलेली, कागदावर नव्हे. आम्हीं तक्रार केली, आणि अभिप्राय तसाच राहिला. तेव्हांपासून आमचा परिपाठ असा आहे: पैशाची किंवा गैरसोयीची कोणतीहि गोष्ट तोंडीं निघाली, कीं त्याच दिवशीं कंपनीच्या संदेशपेटींत नम्रपणें लिहावयाची. "आज सकाळीं आपण अमुक म्हणालांत, आम्हीं अमुक देऊं केलें," एवढें पुरे. पाहुण्यानें उत्तर दिलें तर तो पुरावा झाला. न दिलें तरी तारखेसह नोंद राहिली. पाहुणा येण्यापूर्वीं व गेल्यावर खोलीचीं आणि न्हाणीघराचीं छायाचित्रें घ्यावींत. भ्रमणध्वनींत त्यांवर वेळ आपोआप उमटते.

कंपनी अभिप्राय काढते तो कशासाठीं, हें नीट समजून घेतलें पाहिजे, नाहींतर तक्रार लिहिण्यांत श्रम फुकट जातात. अभिप्राय खोटा आहे एवढ्यानें तो निघत नाहीं. खरें कोण आणि खोटें कोण हा निवाडा कंपनी सहसा करीत नाहीं. धमकी, सूड (म्हणजे घराची नासधूस केल्याबद्दल भरपाई मागितल्यावरून लिहिलेलें), मुक्कामाशीं असंबद्ध मजकूर, शिवीगाळ, अशा नियमभंगावर बोट ठेवून, तोच नियम उद्धृत करून तक्रार करावी. "आम्हीं गरीब शेतकरी, आमचें नुकसान झालें," हें खरें असलें तरी त्या ठिकाणीं निरुपयोगी आहे.

मुदतींचेंहि भान ठेवावें. पाहुणा निघाल्यापासून १४ दिवसांच्या आंत दोघांनींहि परस्परांविषयीं लिहावयाचें असतें. २०१४ सालापासून दोन्ही अभिप्राय एकदमच प्रसिद्ध होतात, म्हणून एकाचें वाचून दुसऱ्यास सूड घेतां येत नाहीं. जाहीर उत्तरास ३० दिवसांची मुदत आहे. बुकिंग डॉट कॉमवर दहांपैकीं गुण असतात. गूगलच्या नकाशावर मात्र कोणीहि, अगदीं उंबरठा न ओलांडलेला मनुष्यहि, लिहूं शकतो. तेथें नियमभंगाची तक्रार करणें आणि खालीं उत्तर देणें, हेच दोन उपाय होत.

आतां उत्तराविषयीं. हें उत्तर गेलेल्या पाहुण्यासाठीं नसून पुढें येणाऱ्यासाठीं असतें, ही गोष्ट लेखकास फार उशिरां उमगली. आमचें पहिलें उत्तर दोन पानें होतें, आणि त्यांत त्या गृहस्थांच्या मुलांनीं पेरूच्या फांद्या मोडल्याचाहि उल्लेख होता. पुढें एका पाहुण्यानें हंसत सांगितलें, "अहो काका, अभिप्रायाची भीति नाहीं वाटली, पण उत्तराची वाटली." तें उत्तर आतां असें असावयास हवें होतें: "आपली गैरसोय झाली याबद्दल वाईट वाटतें. त्या रात्रीं गांवांत दोन तास वीज नव्हती. त्यानंतर आम्हीं इन्व्हर्टर बसविला आहे. पिण्याचें पाणी विहिरीचें असून गाळून व उकळून दिलें जातें." तीन-चार वाक्यें, एक सुधारणा, एक वस्तुस्थिति, आरोप नाहीं, पाहुण्याच्या कुटुंबाचा उल्लेख नाहीं. उत्तर लिहून एक रात्र तसेंच ठेवावें.

कांहीं गाऱ्हाणीं मात्र मूळ वर्णनांतच जिरवितां येतात. कोंबडा पहांटे आरवतो, गोठा खोलीपासून वीस पावलांवर आहे, पावसाळ्यांत किडे दिव्यावर येतात, भ्रमणध्वनीस फक्त ओट्यावर संदेशलहरी मिळतात, हें सर्व आधींच स्पष्ट लिहावें. ज्यास हें खपत नाहीं तो येतच नाहीं, आणि आलेल्यास तक्रारीस जागा उरत नाहीं. आम्हीं वर्णनांत कोंबड्याचा उल्लेख केल्यापासून कित्येक पाहुणे मुलांस तो दाखविण्यासाठीं मुद्दाम येतात. आणि प्रत्येक कडू अभिप्राय अन्यायाचाच असतो असेंहि नव्हे. गादीस कुबट वास येतो असें एकीनें लिहिलें तेव्हां आम्हांस राग आला, पण गादी उन्हांत टाकल्यावर वास खराच होता.

दोन मार्गांपासून सावध राहावें. एक, भाचे-पुतणे यांजकडून खोटे गोड अभिप्राय लिहवून सरासरी भरून काढणें. हें कंपन्यांच्या नियमांत निषिद्ध आहे, आणि भारतीय मानक ब्यूरोनें २०२२ सालीं अभिप्रायांसंबंधीं जें मानक (आयएस १९०००) प्रसिद्ध केलें, त्याचा रोखहि अशाच खोट्या अभिप्रायांवर आहे. दुसरा मार्ग बदनामीच्या खटल्याचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमांत बदनामीची तरतूद आहे खरी; परंतु इतरांच्या हितासाठीं सद्भावनेनें दिलेली सूचना त्यांतून वगळलेली आहे, आणि एका अभिप्रायापायीं तालुक्याच्या न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणें दोन खोल्यांच्या उत्पन्नास झेपणारें नाहीं. चोरीचा किंवा तत्सम गुन्ह्याचा धडधडीत खोटा आरोप असेल तर गोष्ट निराळी. तेव्हां अभिप्रायाचें छायाचित्र ताबडतोब काढून ठेवून वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण मागाहून तो मजकूर बदलला वा काढला जाण्याचा संभव असतो.